उसन्या वाक्यांचे शहाणपण

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या समारंभांना जाण्याचा योग ज्यांना वारंवार येतो, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेलच. पूर्वी अशा प्रसंगी वक्ता बोलावयास उभा राहिला, की तो तुकोबांचा किंवा समर्थांचा आधार घेई. निदान एखादे संस्कृत सुभाषित, उच्चार चुकले तरी, ठणकावून म्हणे. आता त्या जागी चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणीवरील संवाद येऊन बसले आहेत. बदलीवर जाणाऱ्यास एक, बढती मिळालेल्यास दुसरा, सेवानिवृत्त होणाऱ्यास तिसरा, असे त्यांचे वाटपही ठरून गेले आहे. वक्ता वाक्याचा पूर्वार्ध उच्चारतो, सभा उत्तरार्ध पुरा करते, टाळ्या पडतात, आणि जीवनाचा एक धडा देऊन-घेऊन झाला अशा समाधानाने सारे फराळाकडे वळतात.

या प्रकाराविषयी आम्हांस तक्रार आहे, आणि ती सविस्तर मांडावी म्हणून हा लेखप्रपंच. परंतु प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपट म्हणजे हलकी करमणूक, तेथे कसले आले आहे शहाणपण, असे म्हणून नाक मुरडणारा एक वर्ग आपल्यांत आजही आहे. आमचा पक्ष तो नव्हे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गडकऱ्यांच्या नाटकांतील भाषणे तोंडपाठ केली, आणि रंगभूमीवरील वाक्यांवर आपली बोली पोसली, त्यांनी पडद्यावरील वाक्यांना तुच्छ लेखण्याचे काहीच कारण नाही. उत्तम संवाद लिहिणारा हा लेखकच होय. मग त्याचा शब्द छापला जावो, की पडद्यावरून ऐकू येवो. आमची तक्रार त्या वाक्यांविरुद्ध नाही. त्यांना त्यांच्या घरातून उचलून आणून आपल्या दिवाणखान्यात शोभेसाठी मांडणाऱ्यांविरुद्ध ती आहे, आणि त्या मंडळींत आम्ही स्वतःही आहोत, हे पुढे कबूल करावे लागणारच आहे.

सुभाषित आणि संवाद यांत मूलतःच फरक आहे. सुभाषितकार आपला श्लोक रचतो तो मुळी एकटा उभा राहण्यासाठी. त्याला पुढचा-मागचा संदर्भ लागत नाही. तो कोणीही, कोठेही, कोणासही सांगावा. संवादाचे तसे नाही. तो कोणीतरी, कोणालातरी, कोणत्यातरी अडचणीत बोललेला असतो. बोलणारा कधी खोटे बोलत असतो, कधी स्वतःस फसवीत असतो, कधी मरणाच्या दारात उभा असतो. त्या माणसापासून व त्या घटकेपासून ते वाक्य तोडले, की त्यातील अर्थ मागे राहतो आणि नाद तेवढा हाती येतो. नादही पुष्कळदा धड येत नाही. १९७५ सालच्या 'शोले'मधील गब्बरचे वाक्य म्हणून 'अरे ओ सांभा, कितने आदमी थे' असे लोक सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात सांभाला मारलेली हाक सरकारने लावलेल्या इनामाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे, आणि माणसे किती होती हा प्रश्न हरून परत आलेल्या साथीदारांना विचारलेला आहे. दोन वाक्यांचे तुकडे जोडून तिसरेच वाक्य लोकांनी घडविले. हे निरुपद्रवी उदाहरण झाले. सर्वच उदाहरणे इतकी निरुपद्रवी नसतात.

सेवानिवृत्तीच्या समारंभांत हटकून ऐकू येणारे वाक्य घ्या. हृषीकेश मुखर्जींच्या 'आनंद' (१९७१) या चित्रपटातील नायक आपल्या डॉक्टर मित्रास सांगतो, 'जिंदगी बडी होनी चाहिए, लंबी नहीं.' वाक्य सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. पण ते बोलतो कोण? ज्याच्या आतड्यांत कर्करोग आहे आणि ज्याचे दिवस मोजलेले आहेत, असा एक तरुण. लांबीचा पर्याय त्याच्यापुढे उरलेलाच नाही. म्हणून तो रुंदीची भाषा करतो, आणि त्या हसण्याखालचे दुःख ऐकणाऱ्या डॉक्टराच्या चेहऱ्यावर उमटते. तेच वाक्य साठ वर्षे पुरी करून निवृत्तिवेतनाची कागदपत्रे खिशात घेऊन बसलेल्या गृहस्थास ऐकविण्यात काय औचित्य? त्या बिचाऱ्यास आता लांब आयुष्यच हवे असते. त्याची कन्या अजून शिकत असते, गावाकडील घराचे छप्पर घालावयाचे राहिलेले असते. आणि आपण त्यास प्रेमपूर्वक सांगतो, की लांबीत काही अर्थ नाही!

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रकार आहे, असे कोणी म्हणेल. मग दुसरे उदाहरण पाहू. राजकुमार हिरानी यांच्या २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटाने 'ऑल इज वेल' हे तीन शब्द घरोघरी पोहोचविले. संकट आले की छातीवर हात ठेवावा आणि हे शब्द म्हणावेत, असा त्याचा धडा म्हणून सांगितला जातो. पण चित्रपटातच या शब्दांचा उगम सांगितला आहे, तो किती जणांस आठवतो? नायकाच्या गावी एक पहारेकरी रात्री हे शब्द ओरडत फिरे आणि गाव निर्धास्त झोपे. एके दिवशी चोरी झाली, तेव्हा कळले, की पहारेकऱ्यास रात्री दिसतच नव्हते. आणखी पुढे पाहा. विद्यार्थी हेच शब्द गात नाचत असतात, आणि त्याच वेळी वसतिगृहातील एका खोलीत त्यांचा एक सोबती गळफास घेऊन लटकलेला असतो. त्या शब्दांवर एवढी कठोर टीका खुद्द चित्रपटकर्त्यानेच करून ठेवली आहे. आपण मात्र गाणे घेतले, आणि आंधळा पहारेकरी व तो मुलगा, दोघांनाही वगळून टाकले.

आम्ही ज्या वाचकांसाठी लिहीत आहोत, त्यांना या पहारेकऱ्याची ओळख निराळी करून देण्याची आवश्यकता नाही. दरमहा वर जाणारी विवरणपत्रे आपणच भरतो. 'प्रगती समाधानकारक', 'परिस्थिती नियंत्रणात', 'तक्रारी निरंक', हे आपल्या रात्रपाळीचे ओरडणेच होय. ज्यास दिसते आणि तरीही जो असे ओरडतो, त्याच्यापेक्षा तो आंधळा पहारेकरी अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. अशा आपल्या मंडळींनी प्रशिक्षणवर्गात आणि वार्षिक संमेलनात ते शब्द जीवनमंत्र म्हणून घोकावेत, याहून मोठा उपरोध कोणत्या लेखकास सुचला असता?

उसनी वाक्ये केवळ समारंभ बिघडवितात असे नाही. प्रसंगी ती माणसाचा घातही करतात. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटात युरोपच्या प्रवासात एक खट्याळ तरुण एका तरुणीची थट्टा करताना म्हणतो, की मोठमोठ्या देशांत अशा लहानसहान गोष्टी होतच राहतात. हे वाक्य इतके लोकप्रिय झाले, की जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीस आलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही आपल्या भाषणात त्याचा हिंदी तुकडा म्हणून दाखविला आणि सभागृह दणाणून सोडले. तेथे ते शोभले. प्रसंग आनंदाचा होता. परंतु २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरांत अशा घटना होत असतात, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या वाक्याचे वळण कोठून आले, हे साऱ्या देशाने तत्काळ ओळखले. १ डिसेंबर २००८ रोजी त्यांना पदत्याग करावा लागला.

या गोष्टीचा उल्लेख आम्ही त्या दिवंगत नेत्यास हिणविण्यासाठी करीत नाही. तासगावच्या सामान्य घरातून वर आलेला तो माणूस होता. ग्रामस्वच्छतेच्या चळवळीमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात खेडोपाडी आदराने घेतले जाई. आमच्या मते त्यांच्या मनात त्या मृतांविषयी तुच्छता असणे शक्य नव्हते. मराठीत बोलले असते, तर असे वाक्य त्यांच्या तोंडून कदाचित निघालेच नसते. आपल्या सर्वांनी विचार करावा असा भाग तो हाच आहे. परभाषेत बोलताना मनुष्य शब्द शोधीत असतो, आणि अशा वेळी तयार वाक्य सर्वांत आधी जिभेवर येते. आपल्यापैकी बहुतेकांची हिंदी शाळेत अर्धी आणि चित्रपटगृहात अर्धी घडली. लखनौस वा पाटण्यास, जबलपुरास वा दिल्लीस आपण रोज तीच बोलतो. समोर गाऱ्हाणे घेऊन शेतकरी उभा असतो, आणि आपण अनवधानाने त्यास एखाद्या नायकाच्या भाषेत उत्तर देतो. वाक्य आपले नसल्यामुळे त्याचे वजनही आपणास जाणवत नाही. ऐकणाऱ्यास मात्र ते जाणवते.

दूरचित्रवाणीचा मासला याहूनही बोधप्रद आहे. ब्रिटिश नभोवाणी संस्थेची 'येस मिनिस्टर' ही मालिका १९८० ते १९८४ या काळात प्रसारित झाली; पुढे २००१ मध्ये तिचे हिंदी रूप 'जी मंत्रीजी' या नावाने आले आणि फारूख शेख यांनी त्यात मंत्र्याची भूमिका केली. मूळ मालिकेतील सचिव सर हम्फ्री मंत्र्यास एखाद्या निर्णयापासून परावृत्त करावयाचे झाल्यास त्यास विरोध करीत नाहीत. निर्णय 'धाडसी' आहे एवढेच म्हणतात, कारण 'वादग्रस्त' निर्णयाने मते जातात आणि 'धाडसी' निर्णयाने निवडणूक जाते, हे मंत्र्यास ठाऊक असते. लेखकांनी हे लिहिले ते नोकरशाहीचा बेरकीपणा उघडा पाडण्यासाठी. परंतु वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या भोजनप्रसंगी सर हम्फ्रींची वाक्ये जेव्हा कौतुकाने उद्धृत होतात, तेव्हा ऐकणाऱ्या तरुण अधिकाऱ्याच्या मनावर काय ठसते? फाईल अडवावी कशी, याची ती पाठ्यपुस्तके होतात. आरशात पाहून लाजावयाचे सोडून मनुष्य आरशातील मुद्रेचा सराव करू लागला, तर दोष आरशाचा नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की आपल्या म्हणीही गोष्टींतूनच आल्या. मग म्हण चालते आणि संवाद का चालू नये? उत्तर सोपे आहे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे म्हणताच कोल्हा, वेल आणि फसलेली उडी ही तिन्ही डोळ्यांपुढे येतात. म्हण आपली गोष्ट पोटात घेऊन हिंडते. चित्रपटाचे वाक्यही असेच गोष्टीसकट आणावे. मग आमची हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. दूरच्या ठाण्यावर, आप्तांपासून शेकडो कोस अंतरावर एकटा पडलेला मनुष्य रात्री स्वतःशी एखादे वाक्य म्हणून धीर धरतो, तेवढाही आधार आपण हिरावून घेणार काय? मुळीच नाही. स्वतःच्या धीरासाठी मनुष्याने काय वाटेल ते म्हणावे. आमचा वाद सुरू होतो तो तेच वाक्य दुसऱ्यास, कृतीच्या ऐवजी, दिले जाते तेथे.

आणि काही वाक्यांपासून धडा घ्यावयाची गरजच नसते. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी'तील वाक्य पाहा. त्यात तत्त्वज्ञान कणभरही नाही. पण परक्या शहरातील बाजारात ते कोणी मोठ्याने उच्चारले, तर चार मराठी माने वळतात आणि अनोळखी माणसे हसून जवळ येतात. शिवाय तो चित्रपट आहे भाड्याच्या घरासाठी वणवण करणाऱ्यांचा. दर तीन वर्षांनी नवे बिऱ्हाड शोधणाऱ्या आपल्या वाचकांस त्याचा जिव्हाळा वाटला, तर नवल काय? असे वाक्य ओळखीची खूण म्हणून येते, आणि आपले काम करून निघून जाते.

उलट ज्यांतून खरोखर धडा घ्यावा, ती वाक्ये आपण उचलीत नाही. 'दीवार' (१९७५) मधील 'मेरे पास माँ है' हे उत्तर मातृप्रेमाचा नमुना म्हणून सर्वांस पाठ आहे. पण ते उत्तर एका पगारदार पोलीस अधिकाऱ्याचे आहे, आणि ज्या भावाने बंगला, गाडी आणि बँकेतील शिल्लक यांची यादी वाचून दाखविली, त्या तस्कर भावास ते दिलेले आहे. आपण दरवर्षी मालमत्तेचे जे विवरणपत्र भरतो, त्याच्याशी या वाक्याचे नाते अधिक जवळचे आहे. त्या वाक्याची किंमतही चित्रपट पुरेपूर वसूल करतो. भावावर गोळी झाडावी लागते, आणि चित्रपटाच्या आरंभी ज्या समारंभात त्या अधिकाऱ्याचा गौरव होतो, तेथे ते पदक स्वीकारावयास तीच आई बोलावलेली असते. त्याच चित्रपटात ए. के. हंगल यांनी वठविलेला एक वृद्ध निवृत्त शिक्षक आहे. पावासाठी चोरी करणारा त्याचा मुलगा याच अधिकाऱ्याच्या गोळीने जखमी होतो, आणि तरीही तो गरीब मास्तर म्हणतो, की चोरी पैशाची असो वा लाखाची, ती चोरीच. त्या बोलण्याने अधिकाऱ्याचे डोळे उघडतात आणि तो स्वतःच्या भावाविरुद्धचे प्रकरण हाती घेतो. साऱ्या कथेचा आस ते बोलणे आहे. कोणत्या समारंभात ते आपण ऐकले? ते कोणी उद्धृत करीत नाही, कारण त्याप्रमाणे वागावयाचे, तर खर्च येतो.

मराठी चित्रपटाने तर याहूनही धारदार वाक्य आपणास दिले आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना' (१९७५) या चित्रपटात साखरसम्राट हिंदुरावाच्या गावी एक दारुडा, मोडलेला मास्तर येऊन पडतो. त्याच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही. त्याच्याजवळ आहे तो फक्त एक प्रश्न: 'मारुती कांबळेचं काय झालं?' डॉ. लागूंच्या तोंडून तो प्रश्न पुनःपुन्हा येतो, आणि निळू फुल्यांच्या हिंदुरावाचे सारे वैभव त्यापुढे हलू लागते. या वाक्यात उपदेश नाही आणि सांत्वनही नाही. ते कोणासही निरोप समारंभात भेट देता येत नाही. ज्याने ते उच्चारले, त्याने उत्तर मिळेपर्यंत दारातून हलावयाचे नसते. आमच्या मते सरकारी सेवकास पडद्यावरून मिळालेली हीच सर्वांत मोठी शिकवण होय.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात आमच्या मंडळाच्या सभागृहात लेखापरीक्षण विभागातील एका गृहस्थांचा निरोप समारंभ झाला. त्यांनी फार पूर्वी एका पाणीपुरवठा योजनेच्या खर्चावर आक्षेप नोंदविला होता. पाइपांची पूर्ण रक्कम चुकती झाली होती, पाइप मात्र जमिनीत गेलेच नव्हते. त्यानंतर त्यांची दोनदा अवेळी बदली झाली, आक्षेप तसाच पडून राहिला, आणि सभागृहातील निम्म्या लोकांस हे ठाऊक होते. त्या संध्याकाळी सात वक्ते बोलले. शाल झाली, श्रीफळ झाले. आक्षेपाचे नाव कोणी काढले नाही. आम्ही सर्वांत शेवटी उभे राहिलो आणि 'आनंद'मधील ते वाक्य म्हटले. टाळ्या चांगल्या पडल्या. बाहेर पादत्राणे घालताना ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, "वाक्य छान होतं तुमचं. पण ते पाइप अजून पडलेले नाहीत बरं का."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. त्या सभागृहात हिशेबखात्यातील, महसुलातील आणि बांधकामातील इतकी माणसे बसली होती, की चौघांनी मिळून एक पत्र लिहिले असते, तर त्या फाईलीवरील धूळ तरी हलली असती. आम्ही पत्र लिहिले नाही. आम्ही संवाद म्हटला. ज्या कामासाठी त्या माणसाने आपली नोकरीची उत्तम वर्षे पणास लावली, त्याच्या जागी आम्ही त्याला दुसऱ्याच्या मरणावर लिहिलेले एक सुंदर वाक्य देऊन बोळवण केली.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. पुढील निरोप समारंभात बोलण्याची पाळी येईल, तेव्हा पडद्यावरील एकही वाक्य न म्हणता उभे राहून पाहा. जाणाऱ्या माणसाने केलेले एक काम शोधा, ते त्याच्या नावाने, तारखेसह, आपल्या साध्या मराठीत सांगा; आणि ते अपुरे राहिले असेल, तर ते कोणाच्या टेबलावर अपुरे आहे, हेही सांगा. टाळ्या कमी पडतील. फराळाकडे वळताना लोक थोडे गप्प असतील. पण त्यांतील एखादा दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर ती फाईल मागवील, आणि विचारील, की याचे पुढे काय झाले?